गौरीपूजनाच्या दिवशी जंगकुकचा वाढदिवस

२०२५ च्या गणपतीत सिंधुदुर्गातल्या एका एसटी स्टँडबाहेर बॅनरांची नेहमीची दाटी होती. चाकरमान्यांचे सहर्ष स्वागत, अमुक भाऊंना वाढदिवसाच्या कोटी कोटी, तमुक दादांतर्फे तमाम गणेशभक्तांना हार्दिक. प्रत्येकाच्या तळाशी शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग. या सगळ्यांच्या मधोमध एक सहा बाय चारचा जांभळा बॅनर. त्यावर एकच चेहरा, गोरापान, कानात बाळ्या, खाली फोटोंची रांग नाही आणि शुभेच्छुक म्हणून कुणाचं नाव नाही. मुंबईच्या गाडीतून उतरलेल्या एका आजोबांनी छत्री मिटली, बॅनर नीट न्याहाळला आणि शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजातल्या मुलीला विचारलं, “ह्यो खंयच्या पक्षाचो गो?” ती म्हणाली, “पक्षाचो नाय आजोबा. गायक आसा, कोरियाचो. आज वाढदिवस आसा तेचो.” आजोबांनी पुन्हा वर बघितलं. “मगे हयसर कित्याक लावलो? तो येतलो काय?”

तो येणार नव्हता.

प्रश्न रास्तच होता, आणि म्हणूनच तो डोक्यातून जात नाही. आपल्याकडे वाढदिवसाचा बॅनर का लावतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ज्याचा वाढदिवस त्याने तो पाहावा आणि लावणाऱ्याचं नाव ध्यानात ठेवावं. इथे ज्याचा वाढदिवस तो पाच हजारांहून अधिक किलोमीटर लांब, लावणाऱ्यांनी नाव घातलेलंच नाही आणि खालून जाणाऱ्या दहातल्या नऊ जणांना तो कोण हे माहीत नाही. तरीही असा बॅनर कुणाच्या लहरीखातर उभा राहत नाही. त्यामागे महिना-दोन महिन्यांची जमवाजमव असते, परवानगीचा अर्ज असतो, पै-पैचा हिशोब असतो आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरची कडाक्याची भांडणं असतात. बाहेरच्याला त्यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतात त्या फक्त किंचाळणाऱ्या मुली.

जंगकुक हा बीटीएस या गायकांच्या कोरियन गटातला सगळ्यांत धाकटा. जन्म १ सप्टेंबर १९९७, गाव बुसान, म्हणजे बंदराचं शहर, मासळी बाजारासाठी प्रसिद्ध. इथल्या मुलींना त्याचं अर्धं कौतुक त्यामुळेही असावं असा मला संशय आहे. पण १ सप्टेंबर ही तारीख कोकणासाठी मोठी गैरसोयीची आहे. २०२५ मध्ये ती नेमकी गौरीपूजनावर आली. घरात ओवशाची सुपं, नव्या सुनांची लगबग, कुठे तिखटाचा नैवेद्य, मुंबईहून आलेली पंधरा माणसं. अशा दिवशी ‘जरा मैत्रिणीकडे जाऊन येते’ हे वाक्य कुठल्याच घरात चालत नाही. म्हणून अशा वर्षी कॅफेतला कार्यक्रम चतुर्थीच्या आधीच्या रविवारी उरकून घ्यायचा आणि त्या दिवशी फक्त बॅनर लावायचा, हा शहाणपणाचा मार्ग. तोही सोपा नाही, कारण नारळी पौर्णिमा झाली की फ्लेक्सवाल्याचं मशीन स्वागताच्या बोर्डांनी भरून जातं. फाइल त्याच्या आधी पोचली नाही तर गिऱ्हाईक म्हणून तुमचा नंबर सगळ्या भाऊ-दादांच्या मागे लागतो.

फ्लेक्सचं गणित पहिल्यांदा करणाऱ्यांचं दोन ठिकाणी हमखास चुकतं. एक म्हणजे फोटो. इन्स्टाग्रामवरून उतरवलेला फोटो रुंदीला १०८० पिक्सेल असतो. तो सहा फुटांवर ताणला की एका इंचाला पंधरा पिक्सेल उरतात आणि रस्त्याच्या पलीकडूनही नाक चौकोनी दिसतं. प्रत्यक्ष आकारात इंचाला ७२ पिक्सेल मिळाले तर काम देखणं होतं, निम्मे मिळाले तरी उंचावर लावायच्या बॅनरला चालून जातं. मोठा फोटो मिळतो तो कोरियातल्या फॅनसाइटवाल्यांकडे, म्हणजे गायकाचे फोटो काढून नेटवर टाकणाऱ्या चाहत्यांकडे. ही मंडळी लांबलचक लेन्स खांद्यावर घेऊन विमानतळावर तासन् तास उभी असतात आणि फोटोच्या कोपऱ्यात आपली खूण ठेवतात. ती खूण कापायची नाही, आणि त्या फोटोची कुठलीही वस्तू विकायची नाही, फुकट वाटायची, हा अलिखित कायदा. तो मोडला तर नाव जगभर खराब होतं.

दुसरी चूक रंगाची. बीटीएसच्या चाहत्यांचा रंग जांभळा, आणि पडद्यावरचा तो झळझळीत जांभळा छापून आला की निळा होतो. फ्लेक्सवाला शिव्या खातो, पण दोष त्याचा नसतो. छपाईत जांभळा बनतो निळसर सायन आणि गुलाबीसर मॅजेंटा मिळून. दोघांचं प्रमाण जवळजवळ सारखं ठेवलं की सायन वरचढ होतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी जास्त ठेवावा आणि आधी ए-फोर कागदाएवढा तुकडा छापून उन्हात धरून बघावा. ट्यूबलाइटखाली पाहिलेला रंग खरा धरायचा नाही. परवानगी नगरपंचायतीची किंवा नगरपरिषदेची, किती दिवसांसाठी ते लिहून घेतलेली, आणि त्या परवानगीचा तपशील बॅनरच्या कोपऱ्यात छापलेला असलेला बरा. भाऊ-दादांच्या बॅनरांवर तो असतोच असं नाही, पण काढायची वेळ आली की पहिला हात नवख्याच्या बॅनरला पडतो. शिवाय आपल्याकडचा वारा. ऑगस्ट-सप्टेंबरातली समुद्रावरची झोड सहा बाय चारच्या फ्लेक्सला शिडासारखी फुगवते. चारी कोपऱ्यांना दोरी बांधून भागत नाही, दर दोन फुटांवर आयलेट, म्हणजे दोरी ओवायचं कडं, हवा, आणि मोकळ्या जागी असेल तर चेहरा सोडून कडेकडेने अर्धचंद्राकृती काप द्यावेत म्हणजे वारा आरपार जातो.

एवढं सगळं करून बॅनर तीन दिवस टिकतो.

पण बॅनर हा हौसेचा भाग. खरा प्रचार ज्याला म्हणतात तो कानात इअरफोन घालून होतो. गाणं आलं की पहिल्या आठवड्यात ते जास्तीत जास्त वेळा, नियमात बसेल अशा पद्धतीने ऐकायचं आणि इतरांना ऐकायला लावायचं. कोरियाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. अमेरिकेतल्या चार्टचा, म्हणजे गाण्यांच्या क्रमवारीचा, आठवडा शुक्रवार ते गुरुवार. म्हणून गाणं बहुधा शुक्रवारी, कोरियात दुपारी एक वाजता येतं, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणे गुरुवार संपून मध्यरात्र झालेली असते आणि आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. जंगकुकचं ‘सेव्हन’ असंच आलं, १४ जुलै २०२३ ला. कोकणात जुलैच्या मध्यावर शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता काय परिस्थिती असते ते वेगळं सांगायला नको. पाऊस झोडपत असतो, लाईट गेलेली असते आणि टॉवरची बॅटरी बसली की रेंजही जाते. त्यामुळे आदल्या रात्री सगळे फोन आणि पॉवरबँका भरून ठेवणं ही पहिली पायरी. ज्यांच्याकडे पैसे भरलेलं स्पॉटिफाय आहे त्यांनी गाणं आलं की लगेच उतरवून घ्यायचं, कारण नेट नसताना ऐकलेलंही फोन पुन्हा जोडला गेला की मोजणीत जातं. गाणं निदान तीस सेकंद वाजल्याशिवाय ते ऐकलं असं धरत नाहीत. एकच गाणं दिवसभर लूपवर टाकून फोन उशीखाली ठेवला तर मशीनला माणूस आणि यंत्र यांतला फरक कळतो आणि ते आकडे गाळले जातात. म्हणून प्लेलिस्ट करायची: मुख्य गाणं, मग दुसरी दोन-तीन, पुन्हा मुख्य. मधली गाणीही दर वेळी तीच ठेवायची नाहीत. दुसऱ्या देशातून ऐकतोय असं भासवणारा व्हीपीएन लावायचा नाही. यूट्यूबवर पान सारखं रिफ्रेश करायचं नाही, जाहिरात आली तर येऊ द्यायची.

या नियमांत अंधश्रद्धाही भरपूर घुसल्या आहेत. आवाज पन्नासच्या वर हवा म्हणे. पन्नासच का, हे कुणी सांगत नाही. यूट्यूबच्या पहिल्या चोवीस तासांच्या विक्रमाचा नियम मात्र खरा आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात बादशाहच्या एका गाण्याच्या चोवीस तासांतल्या आकड्यावरून, त्यातलं जाहिरातींच्या पैशातून किती आलं यावरून, गदारोळ झाला आणि त्याच सप्टेंबरात यूट्यूबने जाहिरातीतून आलेले व्ह्यूज या मोजणीतून वगळले. म्हणजे कोरियन गायकाच्या कोकणातल्या चाहत्यांना जो नियम पाळावा लागतो, त्याच्या मुळाशी आपलाच एक रॅपर आहे. त्याच धर्तीवर, २०२३ च्या ऑक्टोबरात स्पॉटिफायने भारतातल्या फुकट वापरणाऱ्यांना हवं ते गाणं हव्या त्या क्रमाने लावायची सोय काढून घेतली, आणि जंगकुकचा ‘गोल्डन’ हा अल्बम ३ नोव्हेंबरला यायचा होता. प्लेलिस्टचं सगळं शास्त्र एका फटक्यात निकामी. मग सहा जणांच्या फॅमिली प्लॅनची शोधाशोध सुरू झाली. त्यात सगळे एकाच पत्त्यावर राहतात अशी अट होती. वाडीतल्या चुलत घरांना ती अट पाळणं फारसं जड जाऊ नये, पण कुडाळची एक, मालवणची दोन आणि रत्नागिरीच्या हॉस्टेलवरची एक अशांचं कुटुंब कसं मानायचं?

आणि एवढ्या धडपडीतून पोचतं कुठे? अमेरिकेचा हॉट १०० हा चार्ट फक्त अमेरिकेतलं ऐकणं, अमेरिकेतला रेडिओ आणि अमेरिकेतली विक्री मोजतो. वेंगुर्ल्यात रात्रभर जागून ऐकलेल्या गाण्याचं तिथे वजन शून्य. ‘सेव्हन’ तिथे पहिल्या क्रमांकावर आलं तेव्हा इथे पेढे वाटले असतील, पण त्या यशात इथलं योगदान नव्हतं. सप्टेंबर २०२० पासून सुरू झालेल्या ग्लोबल २०० या जगभराच्या चार्टमध्ये मात्र भारतातलं ऐकणं मोजलं जातं, आणि तिथेही पैसे भरून ऐकलेल्याचं वजन फुकट ऐकलेल्यापेक्षा जास्त. अनुभवी पोरी नव्या पोरींना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात. काही ग्रुप सांगत नाहीत. उत्साह मावळेल म्हणून न सांगणं मला पटत नाही. जी माणसं फुकट राबतात त्यांना निदान कशासाठी राबतो ते माहीत असावं.

अल्बमची गोष्ट वेगळी. तिथे इथला रुपया सरळ मोजणीत जातो. कोरियात हांतेओ नावाचा चार्ट पहिल्या सात दिवसांची विक्री मोजतो आणि त्या आकड्यावर गायकाची पत ठरते. ‘गोल्डन’चा हा आकडा चोवीस लाखांच्या पुढे गेला होता. त्या मोजणीत बसणाऱ्या दुकानातून एकटीने एक अल्बम मागवला तर टपालखर्च अल्बमच्या किमतीला भिडतो, म्हणून दहा-पंधरा जणी मिळून मागवतात. एक जण सगळ्यांचे पैसे गोळा करते आणि तिच्यावर सगळा भरवसा. तिने आधीच तीन वेगळे हप्ते सांगायला हवेत: अल्बमची किंमत, कोरियाहून भारतापर्यंतचं टपाल वजनाप्रमाणे, आणि कस्टम ड्युटी अधिक इथलं कुरिअर. तिसरा हप्ता किती ते पार्सल सुटेपर्यंत कळत नाही आणि भांडणं तिथेच होतात. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं धरू नये, स्क्रीनशॉट बनवता येतो. बँकेचा मेसेज बघावा आणि शीटमध्ये व्यवहार क्रमांक लिहावा. आडगावच्या पिनकोडला पुष्कळ कुरिअरवाले येतच नाहीत, तिथे टपाल खातंच खरं. पोस्टमनकाका उशिरा येतील, पण येतील.

मग पावसाळा. अल्बममधला फोटोकार्ड हा गायकाचा फोटो असलेला साडेपाच बाय साडेआठ सेंटिमीटरचा कागद, आणि त्याच्यासाठी माणसं एकाच अल्बमच्या चार-चार प्रती घेतात. चिऱ्याच्या भिंती जून ते सप्टेंबर पाणी पितात, कपाटाला पांढरी बुरशी येते, गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना चिकटतात आणि कार्ड धनुष्यासारखं वाकतं. स्वस्त, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात पीव्हीसी असतं, ते दमट हवेत कार्डाच्या शाईला धरतं. सोडवायला गेलं की चेहराच निघून येतो. पाकीट पॉलिप्रॉपिलिनचं घ्यावं, कडक आणि जरा चुरचुर वाजणारं. कार्डं आणि अल्बम घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला असं समजून ते तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करून घ्यायचे, तवा मात्र भाकरीचा वापरायचा नाही. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. आणि श्रावणात ऊन पडलं म्हणून कार्डं अंगणात मांडू नयेत, वाकलेलं कार्ड उन्हाने उलट्या बाजूला वाकतं.

कॅफेतला वाढदिवस हा कोरियाचा रिवाज: गायकाचं चित्र असलेली कागदी पट्टी कपाभोवती गुंडाळायची, येईल त्याने पेय घ्यायचं आणि पट्टी घरी न्यायची. तिथे कॉफी, इथे बहुधा कोकम सरबत किंवा चहा. पट्टी सरळ आयत कापली तर कपावर तिरकी बसते, कारण कप वर रुंद आणि खाली अरुंद. ज्या कॅफेत कार्यक्रम आहे तिथलाच एक कप घ्यावा, जोडावर कापून सपाट करावा आणि त्या कमानीवर पेन्सिल फिरवून साचा काढावा. नेटवरचे तयार साचे इथल्या कपांना लागतीलच असं नाही. बारा बाय अठरा इंचाच्या कागदावर अडीचशे मिलीच्या कपाच्या कमानी एकात एक बसवल्या तर सहा निघतात. कागद तीनशे जीएसएमचा (एका चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा) चालतो असं छापणारा सांगेल, पण तो कपाभोवती वळताना तडकतो, अडीचशे पुरे. गार सरबताचा कप पाच मिनिटांत बाहेरून घामाघूम होतो. घरच्या इंकजेटवर छापलेली पट्टी असेल तर गायकाच्या डोळ्यांतून निळे अश्रू वाहू लागतात. डिजिटल प्रेसचा टोनर पाण्याने पसरत नाही, मॅट लॅमिनेशन करून घेतलं तर उत्तमच. जोडायला डिंक नको, दुहेरी चिकटपट्टी हवी, बारा मिलिमीटर रुंद. कॅफेवाल्याला चाहत्यांचं वेड समजावत बसू नये. किती कप नक्की जातील, किती वाजता येणार, किती वाजता जाणार आणि आगाऊ किती, एवढंच सांगावं. तोही धंदा करून बसलाय.

कुणी म्हणेल, हे सगळं बाहेरून आलेलं खूळ. मला तसं वाटत नाही. डबलबारीच्या भजनाला दोन बुवा समोरासमोर बसतात तेव्हा मंडपात बसलेले लोक नुसते ऐकायला आलेले नसतात. आपल्या बुवांच्या तारखा स्टेटसला ठेवणारे, पंधरा किलोमीटर मोटारसायकल हाणून येणारे, रात्री तीन वाजताचा भजनातला गजर रेकॉर्ड करून सकाळी यूट्यूबवर टाकणारे, खाली दुसऱ्या बुवांच्या माणसांशी वाद घालणारे, हे सगळे कोकणाने केव्हाच पाहिलेत. फरक एवढाच की त्या मंडपात वर्गणीचं पावतीपुस्तक मुलीच्या हातात सहसा येत नाही. गावच्या मंडळात खजिनदार ठरलेला असतो, माईकवर कोण बोलणार ते ठरलेलं असतं, मुलींच्या वाट्याला रांगोळी आणि प्रसादाच्या पुड्या. इकडे अर्ज त्या लिहितात, दर त्या पाडून घेतात, हिशोब त्या मांडतात आणि चुकला तर शिव्याही त्याच खातात. एकोणीस वर्षांची मुलगी छापखान्यात उभी राहून मॅजेंटा वाढवायला सांगते, हे मला हॉट १०० पेक्षा मोठं वाटतं.

तरी दुसरी बाजू गिळता येत नाही. जंगकुकची कंपनी ऑक्टोबर २०२० पासून कोरियाच्या शेअर बाजारात आहे, आणि २०२५ मध्ये तिने मुंबईत भारतातलं कार्यालय थाटलं. इथे बाजार आहे हे कंपनीला कुणी दाखवलं? ज्यांनी दाखवलं त्यांनी त्यासाठी पॉकेटमनी खर्च केला, झोप मोडली, परीक्षेच्या आदल्या रात्री गायकांना मत द्यायच्या ॲपवर जाहिराती पाहून मतं साठवली. मोबदला म्हणून त्यांना आणखी एक अल्बम विकत घ्यायची संधी मिळाली. बुवांच्या चाहत्याला निदान बुवा ओळखतात, जत्रेत भेटले तर पाठीवर हात ठेवतात. हा हिशोब त्या मुलींना कळत नाही असं समजणं चुकीचं. कळतो, आणि त्या तरी करतात. मला त्यांचं कौतुकही वाटतं आणि रागही येतो.

यातला एकच भाग असा, ज्यात कंपनीला शेंगदाणाही मिळत नाही: वाढदिवसाचं रक्तदान. केकवरच्या पैशात थोडी भर घालून, रक्तपेढीला आधी पत्र देऊन शिबिर घ्यायचं. रक्तपेढी विचारते, दाते किती? यादीत चाळीस नावं असली तरी निम्मी धरून चालावं. वय अठरा पूर्ण हवं, तिथे अकरावी-बारावीच्या मुली गळतात. वजन निदान पंचेचाळीस किलो हवं, तिथे आणखी गळतात. पाळी चालू असेल तर थांबवतात, वर्षभरात टॅटू काढला असेल तरी थांबवतात, आणि गायकाच्या अंगावर टॅटू असल्याने चाहत्यांतही ते निघतात. शेवटी बोटातून थेंब घेऊन हिमोग्लोबिन बघतात, साडेबारा हवं. खरी गळती इथे. रोज मासे खाणाऱ्या घरातली मुलगी नऊवर निघते आणि तिला ते पहिल्यांदाच कळतं. रांगेतून परत फिरलेल्या मुलीचं तोंड उतरतं, कारण तिने महिनाभर पोस्टर बनवलेलं असतं. शहाणे ग्रुप म्हणून शिबिराच्या तीन महिने आधी तपासणी उरकतात. ज्यांचं कमी निघेल त्यांनी डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या, चहासोबत घ्यायच्या नाहीत, आणि रक्त वाढायला वेळ लागतो हे धरून चालायचं.

२०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे १ तारीख, मंगळवार, गणपतीच्या आधी पडते. घरात पाहुणे नाहीत, एसटीला गर्दी नाही, कॅफे दुपारी रिकामा. फ्लेक्सवाला मात्र दहीहंडीच्या बोर्डांत अडकलेला असेल, तेव्हा फाइल १५ ऑगस्टच्या आधी द्यायला हवी. हिमोग्लोबिनची तपासणी मेअखेर, बारावीच्या सुट्टीत, कारण जूनमध्ये निम्म्या मुली शिकायला बाहेरगावी गेलेल्या असतात आणि मग ग्रुपवर त्यांचे फक्त जांभळे बदाम येतात.